रायफल तयारच घ्या, हात बाकीच्या कामाला लावा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमधल्या पोराच्या हातात एअर रायफल दिली, तर तो आधी नेम धरत नाही. तो ती उलटीपालटी करतो, नळीचं तोंड निरखतो, ट्रिगरच्या पिना बघतो आणि विचारतो, "हे आपल्याला इथंच का करता येऊ नये?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे फाउंड्री आहेत, हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत, हत्तरगीच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानांचे सुटे भाग बनतात. जिथं मिलीमीटरचा शंभरावा भाग धरून काम चालतं, तिथल्या माणसाला तीन-साडेतीन किलोची रायफल अवघड वाटणार नाही.

शिवाय कोल्हापूर शेजारी. २०१० साली म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरची, राही सरनोबत कोल्हापूरची आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेणारा स्वप्निल कुसळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. निपाणी-संकेश्वरच्या माणसाला हा काही लांबचा मुलूख नाही. त्यामुळं पोरं विचारतात, पालकही विचारतात: घ्यावी की बनवावी? नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी मी इथं क्रमानं लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो. नळी, ट्रिगर, सिलिंडर, म्हणजे जे रायफलीला रायफल बनवतं ते सगळं तयार, बिलासकट घ्या. तिच्याभोवतीचं जे काही आहे ते मात्र मनसोक्त आपल्या हातानं करा. त्यात भरपूर काम आहे, आणि गुणही तिथंच वाढतात.

आधी कायदा, कारण इथंच बहुतेक गोंधळ होतो

मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ दिसतात. माणूस गॅरेजमध्ये बसून पार्सलं उघडतो, नळी एकीकडून, स्टॉक (लाकडी दस्ता) दुसरीकडून, आणि संध्याकाळपर्यंत रायफल जोडून मोकळा होतो. तिथं बहुतेक सुटे भाग साध्या सामानासारखे विकले जातात, मुख्य सांगाड्याची तेवढी नोंद लागते. आपल्याकडे तसं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भाग आणि शस्त्र बनवायची यंत्रंही येतात. त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं, विकणं, तिच्यात बदल करणं, दुरुस्त करणं, तपासून देणं या सगळ्याला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षं, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. "मी विकायला नाही, हौसेला बनवली" या उत्तरानं काही फरक पडत नाही.

एअर रायफलीला थोडी मोकळीक आहे, पण ती बाळगण्यापुरती. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलीमीटर बोअरची (नळीच्या भोकाची) आणि तोंडाशी २० ज्यूलपर्यंतच ऊर्जा असलेली एअरगन घ्यायला परवाना लागत नाही. ५.५ मिलीमीटरची असेल, किंवा ऊर्जा २० ज्यूलच्या वर असेल, तर लागतो. आणि एअरगन *बनवायला* कारखानदारालाही परवाना घ्यावाच लागतो. लेथवर नळी फिरवून, ट्यूब वेल्ड करून घरी तयार केलेली एअर रायफल या मोकळीकीत बसत नाही. जास्त ताकदीची स्प्रिंग घालून किंवा व्हॉल्व्हशी खेळून विकत घेतलेल्या रायफलीची ताकद वाढवणंही त्याच वाटेनं जातं. २० ज्यूलची रेषा ओलांडली, की तुमच्याकडे विनापरवाना शस्त्र आहे.

"कूर्गात तर घरोघरी बंदुका, त्यांना परवाना नाही" असं कुणीतरी म्हणतंच. कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारकांना बंदूक बाळगण्याची जी सूट आहे ती त्यांच्यापुरती, बाळगण्यापुरती. बेळगाव जिल्ह्याला ती लागू नाही, आणि बनवण्याचा परवाना तीही देत नाही. खानापूरकडे डुकरांपासून पीक राखायला काही शेतकऱ्यांकडे परवान्याची बंदूक असते, तो मामलाही वेगळा. छंदासाठी .२२ ची, म्हणजे काडतुसाची, रायफल हवी असेल तर रीतसर परवाना, शहरात पोलीस आयुक्तालय आणि बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी कचेरी, पोलीस चौकशी, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. नवख्याला त्या वाटेनं जायचं कारणच नाही. दहा मीटरवरच्या टार्गेटवर मारायची एअर रायफल हेच नेमबाजीचं खरं पहिलं दार आहे. २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रानं सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगतो. पाखरं, ससे, वानरं मारायला एअरगन घेणार असाल तर पुढचं वाचू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार हा गुन्हा आहे. जांबोटी-कणकुंबीकडे फिरायला जाताना गाडीत "सहज" रायफल टाकणारे लोक असतात. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, आणि अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणं हाच गुन्हा ठरतो, मग एक छर्राही उडवलेला नसो.

कायदा बाजूला ठेवला तरी नळी का बनवू नये

हे मी कारागिरांसाठी लिहितोय, कारण त्यांना "कायदा नाही म्हणतो" एवढं पुरत नाही.

दहा मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका ०.५ मिलीमीटरचा असतो, बॉलपेनच्या टोकाएवढा. नऊचं वर्तुळ ५.५ मिलीमीटर, आणि सगळ्यात बाहेरचं एक गुणाचं वर्तुळ ४५.५ मिलीमीटर. छर्रा स्वतः ४.५ मिलीमीटरचा. म्हणजे छर्रा मध्यापासून अडीच मिलीमीटर सरकला की दहा गेला. म्हणून चांगल्या मॅच रायफलीकडून, म्हणजे स्पर्धेच्या रायफलीकडून, अपेक्षा एवढीच असते, की शिकंज्यात धरून मारलेले सगळे छर्रे एकाच भोकातून जावेत. त्यासाठी नळीतले पीळ अख्ख्या लांबीत एकसारखे हवेत, तोंडाशी नळी किंचित आवळलेली हवी, आणि तोंडाची कड चहूबाजूंनी समान हवी. यातली एकेक गोष्ट उत्तम टर्नर समजू शकतो. पण ती दर वेळी तशीच साधायला खास यंत्रं आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव लागतो. फाइनवर्कबाऊ, वाल्टर, अ‍ॅनशुट्झ, स्टायर या कंपन्या त्यावरच उभ्या आहेत. भारतात प्रेसिहोलसारखे परवानाधारक उत्पादक आहेत, तेही काम कारखान्याच्या शिस्तीनंच करतात.

आणि पैशाचं म्हणाल तर एकच नळी बनवणं कधीच स्वस्त पडत नाही. एकेक नग करण्याचा खर्च काय असतो हे उद्यमबागेतल्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

आधी रेंज, मग दुकान

खरेदीच्या आधी दोन-तीन महिने दुसऱ्याची रायफल वापरा. क्लबमध्ये शिकाऊ मुलांसाठी रायफली असतात. मुलगा किंवा मुलगी कॉलेजात असेल तर एनसीसी हा सगळ्यात स्वस्त मार्ग: शिस्त, सुरक्षितता आणि श्वासावर ताबा तिथं फुकट शिकायला मिळतो. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र गावात असल्यामुळं निवृत्त सुभेदार-हवालदार काका जवळपास सापडतात. बंदूक कशी धरायची आणि त्याहून महत्त्वाचं, कुणाकडे रोखायची नाही, हे त्यांच्याइतकं कुणी नीट शिकवत नाही. जरूर भेटा.

निपाणी, चिकोडी, हुक्केरीच्या लोकांना कोल्हापूरची दुधाळी रेंज सोयीची पडते. निपाणीहून अंतर साधारण ४० किलोमीटर. बेळगावहून मात्र ११० च्या आसपास, रोज जमणारं नाही. शिवाय सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बसगाड्या थांबतात, आणि स्पर्धेचा दिवस काही थांबत नाही. सराव कोल्हापुरात करायचा असेल तरी स्पर्धा कुठल्या राज्याकडून खेळायची ते सुरुवातीलाच ठरवा. कर्नाटकातला रहिवासी म्हणून कर्नाटक राज्य रायफल संघटनेकडून, की शिक्षणामुळं महाराष्ट्राकडून? एका वेळी एकाच राज्याकडून खेळता येतं. आधार, रहिवासी दाखला, शाळेचा दाखला यांवरची नावं आणि स्पेलिंग एकच आहे ना, तेही आताच बघा. कन्नडमधून इंग्रजीत आलेलं आडनाव आणि मराठीतून इंग्रजीत आलेलं आडनाव पुष्कळदा जुळत नाही, आणि ते नेमकं नोंदणीच्या टेबलावर लक्षात येतं.

या दोन-तीन महिन्यांत दोन गोष्टी कळतील. एक, आवड खरी आहे का. दुसरं, शरीराला कशी रायफल बसते. दुसरं कळल्याशिवाय पैसे घालू नयेत.

कुठली घ्यायची

तीन प्रकार समोर येतील.

स्प्रिंगची, नळी मोडून हवा दाबायची रायफल. काही हजारांत देशी मिळते. सिलिंडर नको, पंप नको, टिकाऊ. पण पिस्टन पुढं धावतो तेव्हा रायफल आधी मागं आणि मग पुढं हिसका देते, आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच हे घडतं. त्यामुळं हात जरा बदलला की नेम बदलतो. घरच्या सरावाला, शालेय स्पर्धांतल्या ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरायच्या) गटाला ठीक. छर्रा न घालता ही कधीही उडवू नका. पिस्टनला समोरून हवेची उशी मिळत नाही आणि आतला सील मार खातो.

एका झटक्यात हवा भरायची, बाजूच्या दांड्याची रायफल. हिसका जवळपास नाही, सिलिंडरची भानगड नाही. जुन्या बाजारात कधीकधी चांगली मिळते. मात्र ६० वेळा दांडा ओढणं बारा वर्षांच्या मुलीला जड जातं.

आणि पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी. स्पर्धेत आज सगळीकडे हीच. बहुतेक सिलिंडर २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) भरतात. परदेशी मॅच रायफल नवी घ्यायची तर हिशोब लाखांत जातो, दोन-अडीच लाखांच्या पुढं. त्यात जॅकेट-पँट, बूट, ग्लोव्ह यांची भर.

आता माझा सल्ला, जो दुकानदाराला आवडणार नाही. मूल स्पर्धेला उतरणार असेल तर मधली पायरी म्हणून जोरदार स्प्रिंगची, दुर्बीण लावलेली रायफल घेऊ नका. दहा मीटर स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. मागं डायॉप्टर, म्हणजे बारीक छिद्राची साइट, आणि पुढं रिंगवाली साइट असते. त्या रायफलीवर शिकलेलं नंतर विसरावं लागतं. तेच पैसे बाजूला ठेवा, क्लबच्या रायफलीवर वर्षभर काढा आणि मग एकदम चांगली वापरलेली मॅच रायफल घ्या. फक्त छंदच हवा असेल, स्पर्धा नको, तर साधी ओपन साइटची देशी स्प्रिंग रायफल अनेक वर्षं आनंद देते.

जाहिरातीतल्या वेगाला भुलू नका. हा हिशोब स्वतः करून बघा: छर्र्याचं वजन किलोत, गुणिले वेग मीटरमध्ये, पुन्हा गुणिले वेग, आणि भागिले दोन. मॅच छर्रा ०.५३ ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला १७० मीटर धरला तर साधारण ७.७ ज्यूल येतात. ऑलिम्पिकची रायफल एवढ्यावरच चालते. आता तोच छर्रा १००० फुटांनी, म्हणजे ३०५ मीटरनी जातो म्हणा. उत्तर २४ ज्यूलच्या वर जातं! म्हणजे एक तर तो आकडा फार हलक्या छर्र्याचा आहे, नाहीतर रायफल परवान्याच्या हद्दीत गेली आहे. अशा वेळी ऊर्जेचा आकडा छापील कागदावर, बिलासोबत मागा. देत नसतील तर तिथून निघा.

अंगाला बसते का, हे असं बघा

दुकानात किंवा रेंजवर, रायफल रिकामी आहे याची खात्री दोघांनी करून झाल्यावर, उभं राहा. डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवा. हात स्नायूंनी नाही, हाडांनी उचलायचा. डोळे मिटा. रायफल खांद्यात घ्या, गाल लाकडावर सहज टाका, मान वाकवू नका. दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. मागच्या साइटच्या छिद्रातून पुढची रिंग मध्यात दिसली तर गालाची पट्टी योग्य उंचीवर आहे. रिंग वर दिसली तर पट्टी उंच आहे, खाली दिसली तर बुटकी. उजवा हात ट्रिगरवर ठेवताना तर्जनीचं पहिलं पेर सरळ मागं यायला हवं. बोट वळून ओढावं लागत असेल तर मागचा स्टॉक लांब आहे. लहान मुलांच्या बाबतीत हाच दोष सगळ्यात जास्त दिसतो, कारण रायफल "पुढं पुरेल" म्हणून मोठ्या मापाची घेतली जाते.

वजनही बघा. नियमात मर्यादा साडेपाच किलोची आहे, म्हणून साडेपाच किलोचीच घ्यावी असं नाही. सातवी-आठवीच्या मुलाला साडेतीन-चार किलो पुरे. पुढं वजन लावता येतं.

वापरलेली घेताना

सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. बनवल्यापासून १० वर्षांच्या वरचं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनंही ते वापरू नये. नवं सिलिंडर महाग पडतं, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. संध्याकाळी हवा भरून काट्याचा फोटो काढा, सकाळी पुन्हा बघा. काटा सरकला असेल तर कुठंतरी गळती आहे. नळीचं तोंड भिंगातून बघा, कडेला ठिणगीएवढी टवकी दिसली तरी सोडा. मग रायफल टेकू देऊन दहा मीटरवर एकाच कंपनीचे, एकाच डब्यातले दहा छर्रे मारा. भोक एकच, गोल आणि घट्ट हवं. छर्रे चपट्या तोंडाचेच वापरा; ते कागद कापून गोल भोक पाडतात आणि गुण मोजता येतात. डब्यावर ४.४९, ४.५० असे आकडे असतात. प्रत्येक नळीला त्यातला एखादाच मानवतो, म्हणून दोन-तीन मापं मागून घेऊन मारून बघा.

विकणाऱ्याकडून मूळ बिल, रायफलीचा नंबर लिहिलेली विक्रीची पावती आणि ओळखपत्राची प्रत घ्या. बिल नसलेली रायफल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

आता हातांना काम

इथून पुढं लेथ, मिलिंग, वेल्डिंग, सुतारकाम सगळं मोकळं.

*छर्रे अडवणारी पेटी.* पहिलं काम हेच. किमान तीन मिलीमीटर जाडीची लोखंडी पट्टी पेटीत ४५ अंशात बसवा, वरची कड नेमबाजाकडे झुकलेली. म्हणजे छर्रा आदळून खाली ट्रेमध्ये पडतो. पट्टी सरळ उभी लावली तर शिसं उसळून परत येतं. डोळ्यावर चष्मा तर हवाच. ट्रेमध्ये जुनं पायपुसणं अंथरा, आवाजही मरतो. पुढं ८० गुणिले ८० मिलीमीटरचं टार्गेट कार्ड लावायला क्लिप. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर. टार्गेटवर दिवा असा लावा की उजेड कागदावर पडेल, तुमच्या डोळ्यात नाही. रेंजवर किमान १५०० लक्स (उजेडाचं एकक) धरतात. गोळा झालेलं शिसं मुलांच्या हाती देऊ नका, घरी वितळवू नका, आणि सराव संपल्यावर साबणानं हात धुवूनच जेवायला बसा.

जागा म्हणाल तर जुन्या शहापूर-वडगावच्या घरांत पुढच्या दारापासून परसापर्यंत दहा मीटर सरळ मिळतात. पेटीमागं पक्की भिंत हवी आणि मधलं प्रत्येक दार आतून कडी लावलेलं हवं. गच्ची नको, माळ नको. छर्रा शंभर मीटरच्या पुढंही जातो.

*गालाची पट्टी आणि मागच्या प्लेटचे स्पेसर.* सगळ्यात जास्त गुण इथं लपलेले असतात. माझ्या ओळखीच्या एका फिटर काकांनी मुलीसाठी अ‍ॅल्युमिनियमचे स्पेसर कापले, प्रत्येकी पाच मिलीमीटर, मधून दोन भोकं. मूळ स्टॉक त्यांनी कापला नाही, काही चिकटवलं नाही. फक्त लांब स्क्रू आणून मधे स्पेसर घातले. मुलगी वाढेल तसा एकेक वाढवायचा. गालासाठी सागाचा तुकडा बसवायच्या आधी त्यांनी रुमाल गुंडाळून उंची ठरवली, तिला आठवडाभर तसंच नेम धरू दिलं, रुमालाच्या घड्या कमीजास्त केल्या, आणि तिची मान दुखायची थांबली तेव्हाच लाकडाला रंधा लावला. काम करायची हीच पद्धत: आधी कापड, मग लाकूड. शिसव दिसायला देखणं, पण जड. लहान मुलांसाठी साग बरा.

नवा स्टॉक अख्खा घडवायचा असेल तर चांगल्या सुताराला हाताशी धरा, पण नियमपुस्तक शेजारी ठेवा. साडेपाच किलोत सगळ्या साइट्स, वजनं धरतात. पुढच्या लाकडाची खालची कड नळीच्या मध्यरेषेपासून १२० मिलीमीटरपेक्षा खाली जाता कामा नये. तपासणीच्या टेबलावर माप जास्त निघालं तर रंधा तिथं मिळत नाही. आणि लाकूड उतरवताना ट्रिगरचा भाग उघडायचा नाही, सेटिंगचे स्क्रू माहीत असल्याशिवाय फिरवायचे नाहीत. आतलं काम कंपनीचं किंवा परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं.

*स्टँड.* दोन फैरींच्या मधे रायफल टेकवायला उंची बदलता येणारा स्टँड लागतो. दोन टेलिस्कोपिक पाईप, खाली तीन पाय, वर यू आकाराचा कप आणि त्यात फेल्ट. एका दुपारचं काम. ६० छर्रे सव्वा तासात मारायचे असतात, आणि त्यात चार किलो सतत उचलून धरलेले नसावेत.

जॅकेट-पँट मात्र शिवून घेऊ नका. कापडाची जाडी एका थरात २.५ मिलीमीटरपर्यंत, आणि कडकपणाही यंत्रावर मोजतात. चांगला टेलर शिवेल, पण तपासणीत ते टिकणार नाही.

हवा भरताना

हे वेगळं लिहितोय, कारण आपल्या गावात याचा धोका खरा आहे. वेल्डिंगचं ऑक्सिजन सिलिंडर उद्यमबागेत प्रत्येक कोपऱ्यावर उभं असतं, त्यावर दाब असतो, आणि "चल, थोडं यातूनच भरू" हा विचार कुणाच्याही डोक्यात येऊ शकतो. कधीही नाही. ऑक्सिजन दाबाखाली तेलाच्या, ग्रीसच्या थेंबाला भेटला की स्फोट होतो, आणि रायफलीच्या व्हॉल्व्हमध्ये ग्रीस असतंच. फक्त कोरडी हवा भरायची: पीसीपीसाठीचा हातपंप किंवा डायव्हिंगच्या सिलिंडरमधली हवा. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर इथं कामाचा नाही, त्याचा दाब २०० बारच्या जवळपासही जात नाही आणि हवेत पाणी असतं. हातपंप वापरत असाल तर मधे मधे थांबा, पंप तापू देऊ नका, साचलेलं पाणी बाहेर काढा. सिलिंडरला अडॉप्टर स्वतः फिरवून करू नका. थ्रेड जवळपास बसणं आणि बरोबर बसणं यातला फरक २०० बारला कळतो.

पावसाळा

जूनपासून आपल्याकडे भिंतींनाही घाम फुटतो, खानापूर-जांबोटीकडे तर विचारायलाच नको. रायफल फोमच्या पेटीत बंद करून कपाटावर ठेवणं हा गंज आणायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग, कारण फोम ओल धरून ठेवतो. सराव झाला की बाहेरचं लोखंड कोरड्या कापडानं पुसा, मग तेलाचा हात लावलेल्या कापडानं. रायफल कुलूपबंद लाकडी कपाटात उभी ठेवा आणि खाली सिलिका जेलच्या पुड्या. महिन्याला त्या तव्यावर तापवून कोरड्या करा. पेटी फक्त प्रवासाला. स्प्रिंगच्या रायफलीत दाबाच्या नळकांड्यात साधं मशीन ऑइल अजिबात सोडू नका. दाबानं ते आतच पेट घेतं, सील जळतो आणि छर्रा भलत्याच वेगानं सुटतो. छर्र्यांचा डबाही कोरडा हवा, पांढरी भुकटी धरलेले छर्रे टाकून द्या.

घेऊन फिरताना

रायफल कायम पेटीत, रिकामी, छर्रे वेगळ्या पिशवीत. मॅच रायफलीच्या नळीत रंगीत दोरीचा सेफ्टी फ्लॅग घालून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. रेंजवर तो नसेल तर उभंच करत नाहीत. पेटीच्या कप्प्यात बिलाची प्रत, ऊर्जेच्या कागदाची प्रत, क्लबचं ओळखपत्र आणि स्पर्धेला निघाला असाल तर प्रवेशपत्र. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर निवडणुकीच्या दिवसांत गाड्या कसून तपासतात. तिथं पोलिसांनी विचारलं तर पेटी स्वतःहून उघडू नका. आधी तोंडानं सांगा की स्पर्धेची एअर रायफल आहे, कागद पुढं करा, आणि ते म्हणतील तेव्हाच उघडा. कन्नडमध्ये दोन वाक्यं येत असतील तर काम आणखी लवकर होतं. मुलगा एकटा बसनं जाणार असेल तर पालकांचं सहीचं पत्र आणि मोबाईल नंबरही त्याच कप्प्यात ठेवा, आणि बिल पालकांच्या नावावर असेल तर त्यांच्या आधारची प्रतसुद्धा.